कंगव्यांच्या पेल्यातले कोश

वाढलेलं काही दिसलं की बाबांचे हात शिवशिवायचे. जन्मभर सलून चालवलेल्या माणसाचे हात ते! फक्त घरामागच्या गवताच्या तुकड्यावर लेकीने बंदी घातली होती. ती कीटकांचा अभ्यास करायची, परगावी. सुट्टीत आली तेव्हा त्या गवतात काळ्या ठिपक्यांच्या, गुबगुबीत पिवळ्या अळ्या रानवेलीची पानं कुरतडताना दिसल्या आणि बाईसाहेब लहान मुलीसारख्या नाचल्या.

"बाबा, यांचे पतंग होणार. दिवसा उडणारे! मी परत येईपर्यंत गवताला हात लावायचा नाही."

"नाही लावत, माझे आई."

शब्द पाळला त्यांनी. म्हणजे जवळजवळ पाळला. गवत गुडघ्याला लागलं. शेजारीण म्हणाली, "दिव्याखाली अंधार!" तेही ऐकून घेतलं. पण पुढे अळ्या दिसेनाशा झाल्या आणि काड्यांच्या शेंड्यांवर पिवळट, कागदासारख्या गाठी चिकटलेल्या दिसल्या. बाबांना वाटलं, गवतावर रोग पडला, आता पोरीच्या अळ्या मरणार. केसांची टोकं दुभंगली की बाबा ती छाटत. इथेही त्यांनी शेंडे तेवढे हलक्या हाताने छाटले, आणि शाबासकीच्या आशेने लेकीला फोन लावला.

तिने गाठींचा रंग, आकार, सगळं नीट विचारून घेतलं.

"बाबा, ते कोश होते. अळ्या त्यांच्या आत आहेत."

रागावली असती तर बरं झालं असतं. "काड्या उभ्या करून ठेवा, बघू," एवढंच ती म्हणाली.

घरी सोडून जायला जीव होईना, म्हणून बाबांनी काड्या दुकानात नेल्या, आरशापुढे कंगव्यांच्या पेल्यात उभ्या केल्या आणि पंखा बंद केला. गिऱ्हाइकं घामाघूम झाली.

"पंखा लावा की हो!" बेकरीवाला तोंडभर फेसातून म्हणाला.

"दुकानात बाळंतपण आहे. वारं चालत नाही."

त्याची अर्धी दाढी झाली असेल, तोच एक कोश फाटला. आतून काळं, ओलं, चुरगळलेलं काहीतरी घसरत बाहेर आलं.

"मेलं का हो?"

बाबांनी वस्तरा खाली ठेवला. ते चिमुकलं काडी सोडून कंगव्यावर चढलं, दात्याला लटकलं, आणि पंख हळूहळू भरू लागले. हिरवट झाकेचे काळे पंख, त्यांवर लालभडक ठिपके, टोकाला जाड होत गेलेल्या मिशा. बेकरीवाल्याच्या गालावरचा फेस वाळला, पण तो हलला नाही.

बाबांनी लेकीला फोन लावला. "आला गं! बाकीचे अजून आत आहेत."

"पंख उघडले नीट?"

"उघडले. आधी नुसत्या सुरकुत्या होत्या. तू झालीस तेव्हा अशीच होतीस. तेव्हाही असाच घाबरलो होतो मी."

ती हसली, मग तिचा आवाज जरा ओला झाला. "त्याला गवतात सोडा, बाबा. जोडी जमली की अंडीही तिथेच घालतील. आणि गवत..."

बाबांनी समोरच्या कात्रीकडे पाहिलं.

"नाही कापत. पण तू लवकर ये बघ. माझ्या हातांचा काही भरवसा नाही."