साहेबांच्या पगाराला अनुमोदन

कागद गिरणीच्या पॅकिंग खात्यातल्या काकू त्या सकाळी आरशापुढून हलेचनात. मानच होता तसा! गिरणीने कामगारांनाही चिमूटभर शेअर दिलेले. वर्षाच्या सभेत त्यांच्यापैकी एकाने उभं राहून मोठ्या साहेबांच्या पगारवाढीला अनुमोदन द्यायचं, बाकीच्यांनी टाळ्या पिटायच्या, फोटो काढायचा, अशी तिथली रीत. ज्याला वर्षभर साहेबांचं तोंड दिसत नाही, त्यानेच त्यांची पाठ थोपटायची. यंदा काकूंची पाळी होती.

काका त्याच गिरणीत बॉयलरवर. डबा घेता घेता ते सहज म्हणाले, की बॉयलर बंद ठेवून करायची दुरुस्ती यंदाही पुढे ढकलली. आतल्या नळ्या झिजल्यात, भिंत थरथरते, सांगून जीभ झिजली तरी कुणी फिरकत नाही.

"साहेबांनी खर्च वाचवलाय ना. त्याचीच तर वाढ मिळतेय त्यांना," म्हणून ते हसले.

काकूंच्या हातातला कंगवा तिथंच थांबला.

सभागृह गिरणीच्या दुसऱ्या टोकाला. खुर्च्या मऊ, हवा गार. एका अधिकाऱ्याने भाषण ठोकलं. बुडती गिरणी साहेबांनी तारली, हे खोटं नव्हतं. काकूंनाही ते मान्य होतं. जबाबदारी मोठी म्हणून पगार मोठा, असं म्हणत त्याने काकूंच्या हाती माइक दिला.

काकू उभ्या राहिल्या. माइक तोंडाशी धरून बोलल्या.

"जबाबदारीचा पगार आहे ना? मग ही सभा बॉयलरच्या खोलीत घेऊ. साहेब तिथं बसले, की मी लगेच अनुमोदन देते."

साहेब हसले, म्हणून सगळे हसले. जात्यातले रडतात, सुपातले हसतात, दुसरं काय! त्या हसणाऱ्यांत तुम्ही-आम्हीही होतोच. अधिकाऱ्याने माइक काढून शेजारच्या मुकादमाला दिला, त्याने अनुमोदन दिलं आणि हात वर झाले. तेवढ्यात खिडक्यांच्या काचा खडखडल्या. सगळ्यांनी वळून पाहिलं. हात मात्र कुणी खाली घेतला नाही.

काकू तशाच बॉयलरकडे धावल्या. बंद करा म्हणाल्या. वरून हुकूम नाही, नोकरी जाईल, काका म्हणाले. मग काकूंनी स्टूल ओढलं आणि बॉयलरशेजारी बसल्या.

"तुम्ही इथं, तर मीही इथंच."

स्वतःच्या जिवासाठी ज्या माणसाने कधी बोट हलवलं नव्हतं, त्याने मुकाट्याने इंधन तोडलं. हळूहळू सारी गिरणी गप्प झाली.

साहेबांना वाढ मिळाली, या दोघांना नारळ. आणि दुरुस्ती? नाव नको! आठवडा सरायच्या आत बॉयलर पुन्हा पेटला, त्यावर नवा माणूस आला. नोकरीसाठी आसुसलेला, नुकतंच लग्न झालेला. काकूंना घरातून धुराडं दिसायचं आणि त्या भरल्या ताटावरून उठायच्या.

शेवटी त्या नव्या माणसाच्या घरी गेल्या. दार त्याच्या बायकोने उघडलं. नवरा कामावर होता. काकूंना ओळखून ती लाजत म्हणाली, पुढच्या वर्षी सभेतला तो मान आपल्याला मिळेल का?

"चप्पल घाल, पोरी," काकू म्हणाल्या. "आधी बॉयलरच्या त्या भिंतीला हात लावून बघ. मग मानाचं बोलू."