अडतीस जणांचा एकच रक्तगट

आमच्या शाळेत कुठलाही फॉर्म मुलं घरी भरत नाहीत. शिष्यवृत्तीचा असो, बँकेचा असो, तो वर्गातच भरायचा. मी फळ्यावर नमुना लिहायचा आणि पोरांनी तो उतरवायचा. घरी पाठवला की काय होतं ते मी बावीस वर्षं बघतोय. बाप मुंबईला, आई रानात, फॉर्म चुलीशेजारी. आठ दिवसांनी तो हळदीचे डाग घेऊन परत येतो आणि जन्मतारखेच्या रकान्यात गावाचं नाव असतं. म्हणून ही पद्धत मीच पाडली. सहीच्या जागी मी पेन्सिलीने फुली मारून देतो, मूल घरी जाऊन आईला फुली दाखवतं, आई फुलीवर सही करते. बावीस वर्षांत माझ्या वर्गाचा एक फॉर्म वरून परत आला नाही, आणि याचा मला चांगलाच माज होता.

आमची शाळा लांज्यापासून अकरा किलोमीटर आत. यंदा पहिल्यांदाच नववीच्या मुलांना तीन दिवस सह्याद्रीत पायी न्यायचं ठरलं. दोन मुक्काम, तंबू, शेकोटी. कल्पना माझीच. या मुलांनी मुंबई बघितलेली असते, काकाच्या खोलीत दहा जणांत झोपलेली असतात, पण डोक्यावरचा सह्याद्री त्यांनी फक्त एसटीच्या खिडकीतून बघितलेला. मी खुळ्यासारखा तयारीला लागलो. मैदानात ताडपत्री बांधायची तालीम, दोरीच्या गाठी, पाठीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन चालायची सवय. सॅकमध्ये काय न्यायचं त्याची यादी केली आणि सॅक तपासायला सुरुवात केली. पावडरचा डबा बाहेर, फरसाणाची पिशवी बाहेर, सर्वेशने घरची उशी आणली होती ती बाहेर. वर दम भरला, "यादीबाहेरची वस्तू ज्याच्याकडे सापडेल त्याचं नाव कापणार."

मग संमतीपत्रं छापून आली. तिसऱ्या तासाला मी फळ्यावर नमुना लिहिला. रक्तगट कोणालाच माहीत नव्हता, म्हणून मी माझाच लिहिला, ओ पॉझिटिव्ह. मनात म्हटलं, नंतर विचारून दुरुस्त करू. पोहता येते का? होय. आजार किंवा नेहमीचे औषध? नाही.

तिसऱ्या बाकावरून दर्शना मांडवकर उभी राहिली. काटकुळी, अबोल पोरगी, पण गाठी बांधण्यात वर्गात एक नंबर. मुलगेसुद्धा तिच्याकडून गाठी सोडवून घ्यायचे.

"सर, आजाराच्या हितं काय लिवू?"

"फळ्यावर आहे ते."

ती बसली आणि पुन्हा उठली. "पण सर, मला…"

घंटा व्हायला दोन मिनिटं होती आणि मला अजून अडतीस फुल्या मारायच्या होत्या. मी खेकसलो, "मांडवकर, डोळे फुटले काय? फळ्यावर काय लिहिलंय?"

वर्ग हसला. तिने मान खाली घालून लिहिलं, नाही. दुसऱ्या दिवशी फुलीवर आईची सही घेऊन आली.

पुढच्या शनिवारी सरावाची चाल ठेवली होती. भरलेल्या सॅक घेऊन गावामागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चढायचं, वर कातळावर ताडपत्री बांधायची आणि दुपारी परत. अर्ध्या चढावर कोणाच्या तरी काजूच्या बागेत पातेरा जाळत होते. वाळक्या पानांचा धूर वाऱ्याने सरळ आमच्या पायवाटेवर येत होता. दर्शना खोकायला लागली. मागे पडली. मी तिला म्हणालो, "चुलीपुढे बसणारी पोर तू, एवढ्याशा धुराला काय खोकतेस! चल." ती चालली. मी सांगितलं म्हणून ती चालली, हे मला आता दिवसातून शंभर वेळा आठवतं.

कातळावर पोचल्यावर ती बसली ती उठेना. छातीतून कुकरची शिटी व्हायच्या आधी येतो तसा बारीक आवाज येत होता, आणि ओठ निळे पडत चालले होते. तिची मैत्रीण दीप्ती किंचाळली, "सर, तिचा पंप! तिला दम लागला की पंप घेते ती!"

"कुठाय पंप?"

"घरी ठेवलान. फारमात नाय लिवलंय, आता सॅकमधी सरांना गावला तर नाव कापतील, म्हनाली."

मी तिला पाठीवर घेऊन सडा उतरलो. खाली गावातल्या भागोजीची रिक्षा मिळाली. भागोजीने खड्डे बघितले नाहीत, वळणं बघितली नाहीत. पण लांज्याच्या अलीकडेच तो आवाज थांबला, आणि मला क्षणभर वाटलं, बरं वाटलं तिला.

सहल अर्थातच रद्द झाली. रत्नागिरीहून चौकशीला साहेब आले. मुख्याध्यापक शेट्ये सरांनी एकच कागद त्यांच्यापुढे ठेवला. आजार, नाही. खाली आईची सही. साहेबांनी मान डोलावली. ते गेल्यावर शेट्ये सर मला म्हणाले, "खेडेकर, कागद आपल्या बाजूने आहे. बाकीचे सदतीस फाडून टाका, उगाच कोणाच्या नजरेला नकोत." मी ते कपाटातून काढले आणि उभ्या उभ्या चाळले. प्रत्येकावर ओ पॉझिटिव्ह. जन्मात नदीत न उतरलेल्या पोरांनाही पोहता येत होतं. मी ते फाडले नाहीत, पण कोणाला दाखवलेही नाहीत. पिशवीत घातले आणि गप्प राहिलो. नोकरीची आठ वर्षं उरली होती. मी भित्रा निघालो, दुसरा शब्द नाही.

गावाला मात्र दोषी मिळाली. आईनं दमा लपवलान, पुढं पोरीचं लगीन अडेल म्हणून, असं पाणवठ्यावर बोलायला लागले. बाप मुंबईहून आला होता. तेरावं झालं तरी तो बायकोशी एक शब्द बोलला नव्हता.

अठराव्या दिवशी शेट्ये सरांनी मला दर्शनाच्या आईकडे पाठवलं. वर पाठवायला एक जबाब हवा होता. 'मुलीला दमा असल्याचे मी शाळेस कळवले नव्हते.' एवढीच ओळ, खाली सही.

ती ओटीवर बसली होती. बाप मागल्या दारी लाकडं फोडत होता, त्याचे घाव ऐकू येत होते. मी कागद तिच्यापुढे धरला. ती सहीपुरती शिकलेली. तिने पेन घेतलं आणि कागदाकडे बघून विचारलं, "हितं ना, फुलीवर?"

मी बघितलं. सहीच्या जागी पेन्सिलीची फुली होती. शाळेतून निघताना मीच मारली होती, सवयीने.

मी कागद ओढून घेतला. "वहिनी, सही करू नका. फॉर्ममध्ये 'नाही' मी लिहायला लावलं."

 तिने हळू विचारलं, "म्हंजे, तिनं तुमास इचारलान नाय?"

"विचारलं होतं. दोनदा."

"मग तुमी काय सांगितलात?"

मला तेही सांगावं लागलं. वर्गात बोललो होतो त्याच शब्दांत सांगितलं.

तिने आत तोंड करून हाक मारली, "अवो, जरा हिकडं या." घाव थांबले. तो दारात येऊन उभा राहिला, तिच्याकडे न बघता. ती मला म्हणाली, "पुन्यांदा बोला. ह्यांच्याम्होरं."

मी बोललो. त्याचा विश्वास बसेना. म्हणून तेव्हापासून पिशवीतच असलेला सदतीस फॉर्मांचा गठ्ठा काढून त्याच्या हातात दिला. तो उभ्यानेच एकेक कागद वाचत गेला. दहा-बारा कागदांनंतर थांबला.

"सगल्या पोरांचं रगत येकच?"

"ते माझं आहे," मी म्हणालो.

 तो कागद घेऊन बायकोशेजारी खाली बसला. ती त्याला म्हणाली, "मी लपिवलं नव्हतं वो." आणि अठरा दिवसांत पहिल्यांदा तिने गळा काढला. मी अंगणात उभा होतो. कोणी मला जा म्हणालं नाही, आणि बस तर कोण म्हणणार होतं.