एकदाच बघायचे पत्ते

मख्खबाईंनी टेबलावर दोन बोटं टेकवली. म्हणजे चेक. म्हणजे, मी काही लावत नाही, पत्ते उघडा.

इथेच थांबू या. या दोन बोटांनी पुढे जो धिंगाणा घातला तो समजायला आधी टेबलाभोवतीची माणसं बघून घ्यायला हवीत.

पोकरची मोठी स्पर्धा, दोन दिवस चालणारं शेवटचं टेबल, पहिल्या दिवसाची भर दुपार. मख्खबाई हे नाव बरोबरच्या खेळाडूंनी ठेवलेलं. हातात एक्क्यांची जोडी असो की निव्वळ कचरा, बाईंच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नसे. हल्ली त्यावर काळा चष्माही आला होता. "भिंत होती, आता खिडक्याही बंद केल्या," असं शेजारचा वकील म्हणायचा. हा वकील कोर्ट सोडून पत्त्यांत आलेला. बडबड मात्र कोर्टातलीच.

आणि समोर बाईंची लेक, भिंगरी. सतत बोटांत चिप, म्हणजे पैशांऐवजी लावायची चकती, फिरवायची, म्हणून भिंगरी. शेवटच्या टेबलापर्यंत ती पहिल्यांदाच पोचली होती. तरी जो तो म्हणायचा, आईची पुण्याई.

सकाळीच तिनं बजावलं होतं, "आई, आज आडवी आलीस तर कापून काढीन."

"काढ. आधी चहा संपव, गार होतोय."

आता नियम. एकाच घरातले दोघं टेबलावर असले, तर डाव संपल्यावर दोघांचे पत्ते सगळ्यांसमोर उघडायचे. आणि ज्याच्याकडे कुणालाच हरवता येणार नाहीत असे पत्ते आहेत, त्यानं शेवटची पाळी असताना नुसता चेक केला, तर तो घरच्या माणसावर केलेला उपकार धरायचा. उपकार म्हणजे इथे लबाडी. दोघंही बाहेर, आणि बदनामी जन्मभराची.

झाले नियम. डावाकडे परत.

मध्ये पाच पत्ते उघडे, सगळ्यांचे सामाईक. राजा, नव्वी, चव्वी आणि दोन लाल फुटकळ. "तीन इस्पिकं," वकील नेहमीसारखा स्वतःशीच पुटपुटला. बाईंनी डावाच्या सुरुवातीला आपल्या दोन पत्त्यांचे कोपरे उचलून बघितले होते. एक्का आणि राणी, दोन्ही किलवर. म्हणजे कामाचं काही नाही. पुन्हा बघायचा प्रश्नच नव्हता. पत्ते एकदाच बघायचे. दुसऱ्यांदा बघतो तो शिकाऊ, असं त्यांनीच लेकीला शिकवलं होतं. भिंगरीनं चेक केलं. बाईंनी बोटं टेकवली.

भिंगरीनं नव्वीची जोडी दाखवली. बाईंनी आपले पत्ते बेफिकिरीनं उलटे केले.

भिंगरीच्या बोटांतली चिप खाली पडली.

बाईंना पत्ते नीट दिसले नाहीत, पण ती शांतता ऐकू आली. वकीलसुद्धा गप्प होता.

"एक्का, राणी," पत्ते वाटणारी बाई हळूच म्हणाली. "इस्पिक."

मधली तीन आणि ही दोन, पाच इस्पिकं, वर एक्का. याहून भारी पत्ते या डावात कुणाकडे असूच शकत नव्हते.

"आई." भिंगरीचा आवाज चिरका झाला. "हे काय केलंस?"

पंच आले. त्यांनी मधले पत्ते बघितले, बाईंचे बघितले, मग मायलेकींकडे बघितलं. "मॅडम, काही सांगायचंय? नाहीतर मला दोघींना उठवावं लागेल."

(इथे बाईंनी मनातल्या मनात एक वेगळाच डाव खेळून बघितला.

"माझं मन विरघळलं. पोरीला काही ठाऊक नव्हतं."

"मग नियम थोडा वाकवू. तुम्ही एकट्याच बाहेर. मुलगी राहील."

मुलगी राहील, पण आईनं सोडलेली म्हणून. उद्या जिंकली तरी लोक म्हणतील, हो, आईनं जिच्यासाठी बोटं टेकवली तीच ना? बाईंनी तो डाव तिथेच टाकून दिला.)

उरलं ते खरं. आणि खरं जड होतं. डोळ्यांची बातमी एकदा टेबलावर फुटली की काय होतं ते बाईंना माहीत होतं. दुसऱ्याचं दुखणं हेरून त्यांनी स्वतः कितीतरी डाव मारले होते.

"मला दिसत नाही," बाई म्हणाल्या. "काळे पत्ते धूसर होतात. किलवर आणि इस्पिकात माझी गफलत होते. मधले पत्ते मी वकिलांच्या तोंडून ऐकते."

वकील उडालाच. "अहो बाई! म्हणजे इतके दिवस माझी वकिली फुकटात?"

कुणीतरी हसलं, पण पंच हसले नाहीत. "मॅडम, माफ करा. थापा मारण्यात तुमच्याइतकं तयार माणूस या खोलीत नाही. मी विश्वास कसा ठेवू?"

मख्ख चेहऱ्याची ही बाजू बाईंच्या कधी लक्षात आली नव्हती. सगळं आयुष्य त्यांनी तो कमावला, आणि आज खरं बोलायची वेळ आली तर तोच आडवा आला.

त्यांनी चष्मा काढला.

भिंगरी खुर्ची ढकलून धावत आली. आईची हनुवटी धरून तिनं चेहरा दिव्याकडे वळवला. काळ्या बाहुल्यांवर दुधाळ साय धरली होती, आंधळ्यालाही कळावी अशी.

"डॉक्टरकडे गेली होतीस?"

"गेले होते. मोतीबिंदू. साधं ऑपरेशन आहे म्हणाले."

"मग?"

"स्पर्धा झाल्यावर."

"कुठली स्पर्धा? दर महिन्याला एक असते! अगं, मी तुला इतकी परकी झाले?"

आणि मग ज्या चेहऱ्याची रेषा हलत नसे, तो हलला. हनुवटी थरथरली, डोळे भरून आले. टेबलावरच्या सगळ्यांनी ते बघितलं. बाईंनी लपवलं नाही.

पंच घसा खाकरून म्हणाले, "नजरचूक. पत्ते जसे पडले तसा डाव मॅडमचा. दोघी खेळतील."

पुढचा डाव वाटला गेला. बाईंनी पत्ते उचलून थेट नाकाशी धरले, आणि एक गंमत झाली. समोरच्याची पापणी लवली तरी हेरणारी ती माणसं एकेक करून छताकडे, भिंतीकडे, बुटांकडे बघू लागली. बाईंचे पत्ते खाली जाईपर्यंत कुणी मान वळवली नाही. वकील तर डोळे मिटून बसला.

भिंगरीनं मात्र आपल्या सगळ्या चिपा पुढे ढकलल्या. "ऑल इन."

"एवढ्यात?"

"कापून काढीन म्हटलं होतं ना?"

बाईंकडे दश्शीची जोडी होती. त्यांनी ती पुन्हा नाकाशी नेली, दुसऱ्यांदा बघितली, खात्री करून घेतली आणि बरोबरी केली. भिंगरीनं गुलामांची जोडी उघडली. मधल्या पाच पत्त्यांनी कुणालाच हात दिला नाही. बाईंकडे मूठभर चिपा उरल्या, त्याही पुढच्याच डावात गेल्या. भिंगरीनंच नेल्या.

"शाबास," वकील म्हणाला. "जन्मदात्या आईलासुद्धा सोडलं नाहीस!"

"सोडलं असतं तर तिनं मला घरात घेतलं नसतं."

टेबलाभोवती हशा पिकला. 'आईची पुण्याई' हा शब्द मात्र कुणाच्या तोंडातून निघाला नाही.

बाई उठल्या. दाराशी उभ्या असलेल्या रखवालदारापुढे त्यांनी फोन धरला. "यात डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर आहे, तेवढा लावून देता? परवा चालेल म्हणावं. उद्या माझी मुलगी खेळतेय."