खिडकीजवळची राखीव जागा

हांबुर्गच्या स्टेशनावर त्या शनिवारी मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. पेंटेकोस्ट या ख्रिस्ती सणाची जोडून सुट्टी, त्यात स्वच्छ ऊन पडलेलं, मग काय विचारता. अख्खं शहर बोचकी घेऊन दक्षिणेकडे निघालं होतं. हार्टविग लोरेंट्सेन मात्र फलाटावर अगदी निवांत उभा होता. सातवा डबा जिथे येऊन थांबतो त्या खुणेवर तो नेमका उभा होता आणि त्याच्या खिशात दोन जागांचं आरक्षण होतं. एक खिडकीची, एक तिच्या शेजारची.

आमच्याकडे तिकीट वेगळं आणि जागा वेगळी. तिकीट काढलं की गाडीत चढता येतं, बसायला मिळणं न मिळणं तुमच्या नशिबावर. ज्याचा नशिबावर भरवसा नाही त्याने जागा राखून ठेवावी. त्यामुळे या देशात माणसं दोन तऱ्हेची, राखणारी आणि न राखणारी, आणि दोघांनाही एकमेकांची कीव येते. हार्टविग राखणाऱ्यांतला, आणि तोही साधासुधा नव्हे. बाल्टिकच्या किनाऱ्यावर सुट्टीला गेला की लोक झोपेत असतानाच हा खुर्चीवर टॉवेल टाकून यायचा. दफनभूमीत दोघांसाठी शेजारी शेजारी जागा त्याने पन्नाशीतच घेऊन टाकली होती. बायको, इम्के, हसून म्हणाली होती, "अरे, मला विचारशील तरी का, तिथेही तुझाच शेजार हवाय का ते?" आता इम्के तिथे होती आणि हा एकटा प्रवास करत होता.

म्हणजे हानोफरपर्यंत एकटा. हानोफरला टोर्बेन चढणार होता. चढला तर.

टोर्बेन हा त्याचा एकुलता एक मुलगा. हार्टविगने आयुष्यभर शहराच्या पाणीपुरवठा खात्यात नोकरी केली आणि पोरगा सतरा वर्षांचा झाला तेव्हा त्याच खात्यात त्याची शिकाऊ म्हणून वर्णी लावून दिली. पोराला घरी आल्यावर सांगितलं, सोमवारपासून जायचं. पोरगा गेला. पण चारच दिवसांत त्याने टोपी खुंटीला अडकवली आणि एका सुताराकडे काम शिकायला निघून गेला. बापाच्या अब्रूचं खोबरं झालं. काम शिकून झाल्यावर सुतारांच्या जुन्या रिवाजाप्रमाणे तो काळे कपडे घालून गावोगाव भटकायला गेला. त्या काळात घराच्या आसपास फिरकायचंसुद्धा नाही असा त्यांचा नियम असतो. भटकंतीची वर्षं सरली, नियम संपला, तरी हा काही घरी आला नाही. आईच्या अंत्यविधीला आला, फुलं ठेवली, आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला. त्यानंतर नाताळला एक फोन, तोही हवापाण्याचा.

शेवटी इम्केच्या बहिणीने, वुर्त्सबुर्गच्या गेसाने, दोघांनाही खडसावलं. तिला ऐंशी वर्षं पूर्ण होत होती. "दोघं एकाच गाडीने या," ती फोनवर म्हणाली. "माझ्या घरात येऊन दोन कोपऱ्यांत दोन तोंडं करून बसायचं असेल तर येऊच नका. जे काय बोलायचंय ते वाटेत बोलून घ्या."

हार्टविग लगेच तिकीटखिडकीवर गेला आणि शेजारच्या दोन जागा मागितल्या. खिडकीतल्या मुलीने विचारलं, दोन्ही हांबुर्गपासून का? हा म्हणाला, हो, नेहमीसारख्या. जागा राखायची ती गाडी सुटते तिथपासून, ही त्याची वर्षानुवर्षांची सवय. मग टोर्बेनला त्याने डबा आणि जागा कळवली. टोर्बेनचं उत्तर आलं, "कशाला राखलीस? बघू."

त्या 'बघू'मुळे हार्टविग आठवडाभर झोपला नव्हता. पोराला तो ओळखून होता. गाडीत चढून शेजारी दुसरं कुणी दिसलं तर हा म्हणणार, असू दे, आणि सरळ पुढच्या डब्यात जाणार. निमित्तच हवं असतं अशा वेळी. म्हणून जागा रिकामी दिसली पाहिजे. रिकामी दिसली की बसावंच लागेल, आणि एकदा बसला की दोन तास कुठे जातोय.

गाडी आली. हार्टविग आपल्या जागेवर बसला आणि खिडकीच्या जागेवर स्वतःचा कोट घडी करून ठेवला. गाडी सुटली तेव्हा मधल्या वाटेत माणसांची रांग लागली होती. त्याच्या अगदी खांद्याशी एक पन्नाशीची बाई उभी होती. हातात कागदी पिशवी, केसांत पिठाची भुकटी, पायांत पांढरे जाड बूट.

"ही जागा रिकामी आहे का हो?" तिने विचारलं.

"राखीव आहे."

"कोण येणारेत?"

"माझा मुलगा. हानोफरला."

"मग हानोफरपर्यंत बसते की मी. ते आले की उठते."

शहाणा माणूस कोट उचलून म्हणाला असता, बसा. हार्टविग म्हणाला, "राखीव म्हणजे राखीव, बाई." आजूबाजूच्या चार माणसांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. त्याचे कान तापले, पण त्याने कोट उचलला नाही.

बाई भांडली नाही. नुसती उभी राहिली, आणि अधूनमधून मनगटावरच्या घड्याळाकडे पाहू लागली. हार्टविगने कोटाची घडी पुन्हा सारखी केली, कारण ती काय मोजतेय हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. नियमच आहे तसा. राखलेल्या जागेवर गाडी सुटून पंधरा मिनिटं झाली तरी कुणी आलं नाही, तर तिच्यावरचा हक्क संपला, मग जो बसेल त्याची जागा. हाच नियम हार्टविगने आजवर किती जणांच्या तोंडावर फेकला होता. एकदा तर इम्केने शरमेने पुस्तकात डोकं खुपसलं होतं.

हारबुर्ग मागे पडलं. बाई शांतपणे म्हणाली, "पंधरा मिनिटं झाली बघा."

नियम म्हटला की हार्टविगचं तोंड बंद. त्याने कोट उचलला आणि पाय बाजूला घेतले. बाई आत सरकली, हुश्श करून बसली आणि बूट काढले.

"रात्रभर भट्टीपाशी उभी होते," ती म्हणाली. "बेकरीत. आता ग्यॉटिंगेनला आईकडे चाललेय. तुमचा राग नाही ना आला?"

"राग कसला. पण हानोफरला उठाल ना? नक्की?"

"अहो, उठते म्हटलं ना. पळवून नेणार आहे का मी तुमची जागा?" एवढं बोलून तिने डोकं काचेला टेकवलं, आणि काही क्षणांत ती घोरायला लागली.

पुढचा तास हार्टविगने कसा काढला ते त्याचं त्यालाच माहीत. बाहेर मोहरीची पिवळी शेतं जात होती, त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. पोरगा येईल की नाही? आला तर पहिलं वाक्य काय बोलायचं? प्रवास बरा झाला ना, असं विचारायचं तर त्याचा प्रवास अजून सुरूच व्हायचा. मध्येच त्याला वाटे, नाही आला तर बरंच, निदान तोंडघशी पडायला नको. मग लगेच त्या विचाराची लाज वाटे.

हानोफरच्या आधी त्याने बाईला हाक मारली. "बाई." तिने हूं केलं नाही. त्याने दंडाला हळूच हात लावला. तिचे हात मांडीवर उघडे पडले होते आणि दोन्ही मनगटांवर भट्टीत भाजल्याचे जुने, पुसट डाग होते. हार्टविगने हात मागे घेतला. त्याला तिला उठवता येईना. का येईना ते सांगणं कठीण, पण नाही आलं.

गाडी थांबली. माणसं उतरली, त्याहून जास्त चढली. आणि त्या गर्दीतून पाठीवर पिशवी घेतलेला, दाढी वाढवलेला टोर्बेन जागांच्या आकड्यांकडे पाहत येताना दिसला. आला होता पोरगा.

टोर्बेन जवळ आला. त्याने बापाकडे पाहिलं, मग खिडकीशी झोपलेल्या बाईकडे.

"नमस्कार, पपा."

"अरे, ही जागा तुझीच आहे. मी राखलेली आहे. ह्यांना आत्ता उठवतो, थांब."

"असू दे. झोपू दे त्यांना," टोर्बेन म्हणाला. "मी मागे बघतो कुठे मिळते का ते. वुर्त्सबुर्गला भेटू."

आणि तो वळलाच. जसं होईल म्हणून हार्टविग आठवडाभर घाबरत होता, तसंच, अगदी शब्दशः. गुडघा दुखत असूनही हार्टविग उठला, कोट आणि पिशवी उचलली आणि म्हणाला, "टोर्बेन, थांब. मीही येतो."

"तू कुठे येतोस? तुझं आरक्षण आहे ना इथे?"

"असू दे."

तो बाजूला झाला न झाला तोच मागच्या एका विद्यार्थिनीने विचारलं, "इथे बसू का?" हार्टविगने मान हलवली. जन्मात पहिल्यांदाच त्याने राखलेली जागा वाटेत सोडून दिली होती.

मागच्या डब्यांतही जागा नव्हतीच. दोघं संडासाजवळच्या दारापाशी पाठ टेकून उभे राहिले. गाडी वळली की खांद्याला खांदा लागे. हवा बरी आहे, असं एकदा हार्टविग म्हणाला आणि टोर्बेन हो म्हणाला.

ग्यॉटिंगेनला ती बेकरीवाली बाई उतरायला धडपडत आली आणि हार्टविगला पाहून थबकली. "अगं बाई, उठवायचं नाही का मला? आणि तुमची पण जागा गेली?" मग तिने टोर्बेनकडे पाहिलं. "हेच का ते?"

"हेच," हार्टविग म्हणाला.

"मग धरा." तिने कागदी पिशवी टोर्बेनच्या हातात कोंबली आणि उतरून गेली. आत दालचिनी घातलेले, लोण्याने माखलेले गोड पाव होते. दोघांनी उभ्या उभ्या एकेक खाल्ला. तोंडात पाव असला की गप्प राहायला निमित्त असतं, पण पाव संपले.

"टोर्बेन," हार्टविग म्हणाला, "तेव्हा तुला विचारायला हवं होतं मी. खात्यात जायचंय का, म्हणून."

टोर्बेन बोटांवरची साखर पुसत राहिला.

"विचारलं असतंस तर हो म्हटलं असतं मी," शेवटी तो म्हणाला.

"काय?"

"लहानपणी रविवारी तू पंपघरात न्यायचास ना मला? ते सगळं फार आवडायचं मला. मी खात्याच्या परीक्षेचा अर्जसुद्धा भरणार होतो. पण पहिल्याच दिवशी साहेबांनी सगळ्या पोरांसमोर सांगितलं, हा लोरेंट्सेनचा, याची जागा आधीपासूनच ठेवलेली होती. बाकीची पोरं परीक्षा देऊन आली होती, पपा. माझ्याशी कुणी बोललं नाही. चार दिवस मी एकटाच डबा खाल्ला."

हार्टविगने काचेबाहेर पाहिलं. त्याला काही दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की पोराला पाण्याचं काम कमी दर्जाचं वाटलं, बाप कमी दर्जाचा वाटला.

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू पण कधी विचारलं नाहीस."

कासेल गेलं. फुल्डाला अर्धा डबा रिकामा झाला आणि त्यांच्या शेजारून लोक मोकळ्या बाकांवर जाऊन बसले. या दोघांपैकी कुणी हललं नाही. एवढं साधं वाक्य जिभेवर आणायला हार्टविगला बरीच खटपट करावी लागली.

"आज गेसाकडे जेवायला," तो म्हणाला, "माझ्या शेजारी बसशील का?"

टोर्बेनने मान वळवून बापाकडे नीट पाहिलं.

"विचारतोयस?"

"विचारतोय. नको असेल तर नको म्हण."

"हो," टोर्बेन म्हणाला. "बसेन."