भिंत कुठून धरायची

सत्त्याण्णव साली आमच्या तिसगावच्या घराचा नकाशा नगरच्या पंकज इंजिनिअरानं कंप्युटरवर काढला, तेव्हा माझा नातू नितीन महिनाभर छाती फुगवून हिंडत होता. जणू भिंती बांधायलाही कंप्युटरच येणार होता.

मग रंभाजी गवंडी जागेवर आला. आमची जागा वीस फूट रुंद. त्यानं नकाशातल्या मापानं चुन्याची फक्की मारली, तर पांढरी रेघ दोन्ही अंगांनी साडेचार-साडेचार इंच हद्दीबाहेर गेली. एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला माझा चुलत दीर कारभारी. रस्ता बोलत नाही. कारभारी बोलतो.

"वैनी, नकाशातच माझी जागा खाल्लीया तुमी. सोमवारी ग्रामपंचायतीत अर्ज देतो. बांधकाम बंद."

अकरा वर्षं त्याला हेच हवं होतं. मी पत्र्याखाली राहावं आणि त्यानं त्याच्या स्लॅबवरून माझ्या चुलीत डोकवावं. सोमवारच्या आत दुरुस्त नकाशा हातात नसता, तर माझं घर पुढच्या सालावर गेलं असतं, आणि कारभारी शेजारी असताना पुढचं साल कधी उजाडत नाही.

शनिवारी नितीनला घेऊन मी नगर गाठलं. इंजिनिअराच्या खोलीत चपला बाहेर काढायच्या. पंखा कंप्युटरवर रोखलेला, माणसं घामाघूम. दसऱ्याचा वाळका हार अजून कंप्युटरच्या गळ्यात.

"आजी, यात चूक काहीच नाही," पंकज म्हणाला. "नऊ इंची भिंत हद्दीच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी पडते. कंप्युटर अशीच काढतो. आता सगळं नव्यानं मांडायचं म्हणजे आठ दिवस."

"आठ दिसांत आमचा रंभाजी भिंत उभी करतो. आन सूत बांधायच्या आदी इचारतो, भिंत रेघेच्या आतून धरू, मधून का भाईरून. तुमचं यंत्र इचारत न्हाई?"

"यंत्र कसं विचारेल, आजी?" तो हसला. नितीनही हसला. साहेब हसले की हसायचं, एवढं कॉलेजात शिकवलंय त्याला.

"काढून दावा एक भिंत."

त्यानं काढली. मी तिसरीत शाळा सोडली, इंग्रजी म्हणजे मला मुंग्यांची रांग. पण डोळे शाळेत ठेवून आले नव्हते. भिंत काढायला घेतली की पडद्याच्या तळाला एक ओळ उमटायची. दुसरी भिंत घेतली, पुन्हा तीच ओळ. त्याचं तिकडे लक्षच नाही.

"ती खालची ओळ काय म्हणतीया?"

"ती येतेच दर वेळी."

"दर वेळी येती म्हंजी कायतरी मागत असंल. वासरू बी उगं हंबरत न्हाई. वाचा."

त्यानं नाक वर करून वाचायला घेतलं आणि मधेच सोडलं. एक अक्षर दाबलं. खाली तीन शब्द आले. टॉप, झीरो, बॉटम.

"म्हंजी?"

"म्हणजे... भिंत रेघेच्या या अंगाला, मधोमध, का त्या अंगाला."

"रंभाजीचंच बोलणं की. कवापासनं हाय हे?"

"कंप्युटर घेऊन दीड वर्ष झालं."

"दीड वरीस ते बिचारं इचारतंय, आन तुमी त्याला हार घालताय."

नितीनला एकदम खोकला आला.

बाहेरच्या भिंती पुसून, नव्यानं काढून, मापं बदलून सगळं तासाभरात उरकलं. त्याचे आठ दिवस तेवढेच होते. खोल्या जरा आखडल्या. आखडू देत. नकाशा हातात पडेस्तोवर मी त्याच्या चहाला हात लावला नाही.

सोमवारी सकाळी रंभाजीनं जागेवर नव्या मापानं फक्की मारली आणि सूत काढलं. कारभारी इस्त्रीचा सदरा घालून, टेप घेऊन हजर. वरच्या खिशातून अर्ज डोकावत होता. मी नवा नकाशा त्याच्या हातात दिला. त्यानं तो उलटा धरला, सुलटा धरला, रेघेला तीनदा टेप लावला. वीस म्हणजे वीसच.

रंभाजीनं खुंटी हातात घेऊन नेहमीसारखं विचारलं, "राहीबाई, भिंत आतून धरू, मधून का भाईरून?"

"त्यास्नीच इचार," मी म्हणाले. "हद्दीची काळजी त्यास्नीच लई हाय."

रंभाजी कारभारीकडे बघत थांबला. शेजारीपाजारी जमलेच होते. कारभारीनं दोनदा घसा खाकरला.

"आतून," तो म्हणाला.

रंभाजीनं खुंटी ठोकली. अर्ज खिशातच राहिला, घडीसुद्धा मोडली नाही.