सासऱ्याचं नाव

"नाव घे ना पोरी, कंपनीचं नाव!" विभागप्रमुख मैरामबेक टेबलावर पेन आपटत म्हणाले. "पडद्यावर लिहिलंयस तेच वाच. रेकॉर्डिंग चालू आहे."

जिपाराने ओठांवरून जीभ फिरवली आणि पुन्हा तेच म्हणाली, "आमच्या तलासमधून घेवडा परदेशी पाठवणारी सगळ्यात मोठी कंपनी."

"मग त्या कंपनीचं बारसं व्हायचंय का अजून?"

मागच्या बाकांवरची मुलं खिदळली. परीक्षा समितीच्या अध्यक्षाच्या खुर्चीतला माणूस मात्र हसला नाही. पांढरी कलपाक टोपी डोक्यावर, हात पोटावर, तो नुसती मजा बघत होता. हा तुराटबेक जुमाबायेव. 'तुराटबेक एक्स्पोर्ट' त्याचीच, आणि जिपारा त्याची धाकटी सून. आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव उच्चारत नाही, मरेपर्यंत नाही. मैरामबेकला हे ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे! त्याची बायकोसुद्धा त्याच्या बापाला 'मोठे' म्हणते. पण परीक्षेच्या खोलीत पाऊल टाकलं की हा गृहस्थ आंतरराष्ट्रीय होतो.

मी याच विभागात हिशेब शिकवते; लहानथोर सगळे मला 'एजे', म्हणजे ताई, म्हणतात. आंतरराष्ट्रीय व्यवसायाची पदवी आणि व्यवस्थापनाची पदवी पूर्वी वेगळ्या होत्या. दोन्हीकडे पोरं मिळेनात, तेव्हा दोन्ही एकत्र शिवल्या. एक ना धड, भाराभर चिंध्या. परक्या संस्कृतींशी कसं वागावं, हाही आमचा एक विषय आहे. जपानी माणसाला किती वाकून नमस्कार करायचा, हे आमची पोरं त्यात पाठ करतात. शिकवणारी बाई राजधानी बिश्केकच्या पुढे गेलेली नाही. अध्यक्ष उद्योगातला हवा असा नियम आहे, म्हणून विभागाला प्रोजेक्टर देणारा तुराटबेक दर वर्षी अध्यक्ष होतो, आणि पोरं दर वर्षी त्याच्याच घेवड्यावर प्रकल्प लिहितात. त्याची खुशामत करायला मैरामबेक एका पायावर तयार. सकाळी नव्या लेखनिकेने तुराटबेकपुढे काठोकाठ भरलेला चहाचा पियाला ठेवला, तर मैरामबेक धावतच तिच्या अंगावर आला.

"अगं, पाहुण्याला हाकलतेस की काय? घोटभर ओत! भरलेला पियाला निघणाऱ्याच्या हातात देतात, एवढंही शिकवलं नाही आईने?"

जिपाराचा नवरा मॉस्कोत टॅक्सी चालवतो. पहाटे गाय, मग घरादाराचा चहा, मग कॉलेज, असं तिने सगळं निभावलं आणि प्रत्येक विषयात पाचपैकी पाच मिळवले. आज पाच मिळाले की लाल, म्हणजे अव्वल दर्जाचं पदवीपत्र, आणि ते असलं की सीमेपलीकडे अल्माटीला पुढच्या शिक्षणाची फुकट जागा. "लाल पदवी आण, मग खुशाल जा अल्माटीला," असं सासऱ्याने भर मेजवानीत जाहीर केलं होतं. बोलायला काय जातं? पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, याने मिशीवर ताव दिला. पोरीने ते खरं धरलं.

"राहू द्या हो, मैरामबेक," तुराटबेक शेवटी मोठ्या मनाचा आव आणून म्हणाला. "चांगल्या घरची सून आहे, नाव नाही घेणार. चार देऊन टाका."

"चार?" मी म्हटलं. "बाकी सगळं तिला येतंय की!"

"उत्तर आलं नाही ना, एजे? घरची म्हणून पाच दिले असं उद्या लोक म्हणतील. मी न्यायाने चालणारा माणूस आहे."

लांडग्याने मेंढ्यांची वाटणी करावी, तसला हा न्याय. मैरामबेकने मात्र असा गळा काढला, की ऐकवेना. "अशी माणसं राहिली नाहीत हो आता!"

माझं डोकं सणकलं. "आणि उत्तर आलं तर?"

"आलं तर पाच. माझा शब्द." तो पहिल्यांदाच हसला. सुनेकडे त्याने बघितलंसुद्धा नाही, इतकी खात्री.

जिपाराने डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

"कंपनी तुराटबेक एक्स्पोर्ट," ती म्हणाली. "संस्थापक तुराटबेक जुमाबायेव."

एवढ्यावर ती थांबली नाही. "तुराटबेक जुमाबायेव सगळा माल एकाच तुर्की व्यापाऱ्याला विकतात. भाव तो ठरवतो. तो फिरला, तर तुराटबेक जुमाबायेव यांच्याकडे दुसरं गिऱ्हाईक नाही." एवढी वर्षं गिळलेलं नाव ती स्वच्छ आवाजात घेत होती, आणि दर वेळी सासऱ्याची मान आखडत होती. मला इतका आनंद झाला, की लपवताही येईना. तुराटबेकने पाचाचा आकडा असा दाबून काढला, की कागद फाटला.

मग रिवाजाप्रमाणे समितीसाठी टेबल मांडलं गेलं. उकडलेलं मटण, कणकेचे तळलेले बोरसोक, मुरंबा. न्याय झाला काय, अन्याय झाला काय, आमच्या समितीची भूक मरत नाही. चहा ओतायला तोटीच्या मोठ्या किटलीशी, समोवाराशी, अर्थातच जिपारा. सून असताना दुसरं कोण ओतणार?

तिने दोन्ही हातांनी सासऱ्याला पियाला दिला. घोटभर, अगदी रीतीप्रमाणे.

"मिळाले ना पाच?" तुराटबेक आवाज न चढवता म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. "आता घरी कुठल्या तोंडाने येणार आहेस?"

मैरामबेक बशीत तोंड घालून बसला. जिपाराने त्याला चहा दिला, मला दिला, सगळ्यांना दिला. मग एक कोरा पियाला घेतला, समोवाराची तोटी सोडली आणि पार काठापर्यंत भरू दिला. आता तो सासऱ्यापुढे जाणार, या भीतीने मैरामबेकचा घास तोंडातच राहिला.

पियाला कुणाहीपुढे गेला नाही. तिने तो स्वतःच उचलला आणि मोठ्या माणसांसमोर, उभ्याउभ्या, न सांडता, सगळा पिऊन टाकला. मग पियाला विसळून पालथा घातला, पिशवी खांद्याला लावली, मला वाकून "येते, एजे" म्हणाली आणि गेली.

जरा वेळाने तुराटबेकने बोलता बोलता सवयीने रिकामा पियाला समोवाराकडे धरला. हात तसाच राहिला. तिथे कुणी नव्हतं.