सुकाणूबाईचे डोळे

“काकू, जहाज आता कुठे आहे?” इयरफोन कानात असूनही सृष्टीने शेजारी वाकून विचारले.

“पुलाखाली,” शालन ओठांजवळच्या लहानशा माइकमध्ये कुजबुजली. “ढगांचा पूल आहे. कमानी पांढऱ्या, कडा सोनेरी. शीड कमानीला घासतंय. सुकाणूबाईनं मान डावीकडे केलीय, ऐकतेय... चाक फिरवलं. निघालो बाहेर! खाली समुद्र. एवढा मोठा, की जहाजाची सावली तिळाएवढी दिसतेय.”

शेवटच्या रांगेतल्या पाच मुलींनी एकदम श्वास सोडला. दीपमालाने तर टाळीच वाजवली.

खराडीच्या मल्टिप्लेक्समधला हा सकाळचा खेळ होता. मुली येरवड्याच्या अंध मुलींच्या वसतिगृहातल्या. पडद्यावरचे संवाद त्यांना ऐकू येत. संवाद नसताना पडद्यावर काय चालले आहे, ते शालन सांगे. त्यासाठी तिने हाच चित्रपट आधी तीनदा पाहिला होता. कोणत्या दोन वाक्यांच्या मध्ये किती शब्द मावतात, हे मांडीवरच्या वहीत अंधारातच लिहून काढले होते.

शालन बत्तीस वर्षे एसटी स्टँडवर गाड्यांची घोषणा करीत होती. तिचा एकच नियम होता. न लागलेली गाडी लागली म्हणायची नाही आणि रद्द झालेली लपवायची नाही. “माणूस चिडतो,” ती म्हणे, “पण दुसरी वाट तरी शोधतो.”

सृष्टी तिला तिथेच भेटली, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. सुट्टीत घरी निघालेली, वसतिगृहाच्या द्वारकाबाईंचा हात धरून चौकशीच्या खिडकीशी आली आणि म्हणाली, “गाडी लागली हे कळलं हो. पण दिसते कशी?”

इतक्या वर्षांत हे कोणी विचारले नव्हते. शालन खिडकी सोडून बाहेर आली. चेपलेला पत्रा, काचेवरचा चिखल, ड्रायव्हरपुढे लटकणारी लिंबू-मिरची, सगळे तिने सांगितले. पुढच्या रविवारी ती वसतिगृहात गेली आणि मग जातच राहिली.

मुलींची सगळ्यात लाडकी एक जुनी इंग्रजी कादंबरी होती. तिचे मराठी भाषांतर ब्रेलच्या चार जाड खंडांत होते आणि हात फिरून फिरून त्याचे ठिपके झिजले होते. त्यात एक उडते जहाज होते आणि ते चालवणारी आंधळी सुकाणूबाई. वारा ऐकून दिशा ओळखणारी. तिच्यावर चित्रपट आला तेव्हा शालनने पहिल्यांदा मुलींना थिएटरात नेले. आता पाच वर्षांनी दुसरा भाग आला होता. ‘सुकाणूबाई येणार’ म्हणून वसतिगृहात महिनाभर दुसरा विषय नव्हता.

आणि या भागाच्या शेवटी जादूगार सुकाणूबाईला डोळे देत होता. कादंबरीत असे काहीच नव्हते. तिथे ती शेवटपर्यंत आंधळीच राहते आणि जहाज घरी आणते.

हा भाग पहिल्यांदा पाहून आली, त्या संध्याकाळी शालन चप्पल न काढताच खुर्चीत बसली होती. उत्कर्षा, तिची लेक, सगळे ऐकून म्हणाली, “अगं आई, मग सांगूच नकोस ना. पुढचे डायलॉग ऐकून तिला डोळे आले हे काही कळत नाही. त्यांना कुठे दिसणारे?”

“म्हणूनच सांगायचं,” शालन म्हणाली.

म्हणाली खरी. पण आता तो प्रसंग पडद्यावर आला, तेव्हा पहिले वाक्य तिने मनात दोनदा जुळवून पाहिले. संगीत चढत गेले. संवाद थांबले. पाच चेहरे तिच्या आवाजाची वाट पाहू लागले.

“जादूगारानं तिच्या कपाळाला बोट लावलंय,” ती म्हणाली. “सुकाणूबाईनं डोळे उघडलेत. मुलींनो, तिला... तिला दिसतंय. ती स्वतःचे हात बघतेय. उलटे, सुलटे. आता आभाळाकडे. रडतेय, आणि हसतेय पण.”

सृष्टीने एका कानातला इयरफोन काढला, थोडा वेळ मुठीत धरला आणि परत कानात घातला. शालन उरलेली दहा मिनिटे सांगत राहिली. जहाज, किनारा, दिव्यांच्या माळा. एकही शब्द तिने गाळला नाही.

बाहेर बसस्टॉपवर दीपमालाच आधी बोलली. “मला मिळाले तर मी घेईन बाई डोळे. खोटं कशाला बोलू?”

“घे की,” सृष्टी म्हणाली. “पण तिनं मागितले होते का? एवढी वादळं काय त्या जादूगारानं पार केली?”

“माझं चुकलं का गं?” शालनने विचारले. “आधीच सांगायला हवं होतं?”

“सांगितलंत ते बरोबरच.” सृष्टीने तिचा दंड शोधून धरला. “पण काकू, तिथे तुमचा आवाज बदलला. एरवी तुम्ही सांगता. तिथे समजूत काढत होतात.”

बत्तीस वर्षांत हजारो लोकांनी शालनचा आवाज ऐकला होता. तो असा कोणी ऐकला नव्हता.

“पुढच्या वेळी समजूत नाही काढणार,” ती म्हणाली.

“तिसरा भाग आला तर. आणि त्यात त्या बाईला नीट जहाज चालवू दिलं तर,” सृष्टी म्हणाली आणि पाचही जणी हसल्या.

बस आली. आत शिरताच मुलींचे पुन्हा सुरू झाले. डोळे आल्यावर सुकाणूबाईला आधीसारखा वारा ऐकू येईल का, आणि दिसायला लागलेली बाई अंधारात घाबरेल का? त्या एकमेकींचे बोलणे तोडत होत्या. अडीच तास कुजबुजून शालनचा आवाज आता पार बसला होता. खिडकीला डोके टेकून ती नुसती ऐकत राहिली.

कंडक्टर जवळ आला. “कुठे, मावशी?”

शालनने तोंड उघडले, पण शब्द फुटला नाही.

“सहा येरवडा,” सृष्टी खणखणीत आवाजात म्हणाली, आणि पुन्हा मुलींकडे वळून भांडू लागली.